फुफ्फुसांचे आजार, पुटिका आणि मायक्रोआरएनए : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्वी 'एक्सोझोम' हा शब्द फक्त प्रयोगशाळेतली माणसं वापरायची. आता तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, तोही बहुतेक वेळा कुठल्या तरी महागड्या इंजेक्शनच्या जाहिरातीसोबत. मी काही वर्षं या विषयावर प्रयोगशाळेत काम केलं. त्यामुळे घरात कुणाला दम लागायला लागला की फोन माझ्याकडे वळतो. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही. औषध चालू ठेवायचं की बदलायचं, हे तुमच्या छातीच्या डॉक्टरांनाच विचारा.

पुटिका म्हणजे नेमकं काय?

आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी सतत बारीक बारीक बुडबुडे बाहेर सोडत असते. पेशीला जसं स्निग्ध पदार्थांचं दुहेरी आवरण असतं, तसंच आवरण या बुडबुड्यालाही असतं आणि आत पेशीतलाच थोडा ऐवज असतो. मराठी पाठ्यपुस्तकांत याला पुटिका म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे 'व्हेसिकल' म्हणतात.

त्यांच्यात दोन-तीन जाती आहेत. पेशीच्या आत एका कप्प्यात आधी तयार होऊन मग बाहेर पडणाऱ्या त्या एक्सोझोम, आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. पेशीचा पापुद्राच बाहेर फुगून तुटतो तेव्हा मायक्रोव्हेसिकल होतात. त्या १०० नॅनोमीटरपासून पार १००० पर्यंत असतात. मरणाऱ्या पेशीचे तुकडे याहून मोठे. १०० नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे हजारावा हिस्सा. साध्या सूक्ष्मदर्शकातून यातलं बहुतेक काही दिसत नाही.

आकार एकमेकांवर चढतात हे लक्षात आलं असेलच. म्हणून एखादी पुटिका हातात आल्यावर ती एक्सोझोम आहे की छोटी मायक्रोव्हेसिकल, हे सांगणं अवघड जातं. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४, २०१८ आणि २०२३ अशी तीनदा मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा आग्रह असा की उगम सिद्ध केला नसेल तर 'एक्सोझोम' म्हणू नका, सरळ 'पेशीबाह्य पुटिका' म्हणा. जाहिरातवाल्यांनी अर्थातच हे वाचलेलं नाही.

आणि मायक्रोआरएनए?

साधारण २२ अक्षरांची आरएनएची चिंधी. तिच्यापासून कुठलंही प्रथिन बनत नाही. तिचं काम दुसऱ्याचं काम थांबवण्याचं. जनुकाकडून प्रथिन बनवण्याचा निरोप घेऊन निघालेला मोठा आरएनए असतो, त्याच्या एखाद्या जुळणाऱ्या भागावर ती चिकटते, आणि मग तो निरोप वाचला जात नाही किंवा त्याचे तुकडे होतात. जुळणी पूर्ण २२ अक्षरांची लागत नाही, सुरुवातीची सहा-सात जुळली तरी भागतं. त्यामुळे एक मायक्रोआरएनए शेकडो निरोपांना थोडा थोडा चाप लावू शकतो. पूर्ण बंद करणारं बटण कमी, आवाज बारीक करणारी खुंटी जास्त.

पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडला. तेव्हा बहुतेकांना वाटलं, कृमीची खोड असेल. २००० मध्ये लेट-७ मिळाला आणि तो कृमीपासून माणसापर्यंत सगळ्यांत असल्याचं लगेच दिसून आलं. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना यासाठी २०२४ चं नोबेल मिळालं. हा लेट-७ पुढे फुफ्फुसाच्या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहे.

या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या?

बऱ्याच उशिरा. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलला रोझ जॉन्स्टोन यांचा गट मेंढीच्या अर्धवट वाढलेल्या तांबड्या पेशी बघत होता, आणि त्याच सुमारास सेंट लुईसला दुसरा गट उंदराच्या. दोघांनाही दिसलं की पेशी पक्व होताना नको असलेली प्रथिनं छोट्या पुटिकांत भरून बाहेर टाकते. एक्सोझोम हे नाव जॉन्स्टोन यांनी १९८७ मध्ये वापरलं. पुढची कित्येक वर्षं सर्वसाधारण समजूत हीच होती की हा पेशीचा केर आहे.

२००७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटाने ॲलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशींच्या एक्सोझोममध्ये आरएनए आणि मायक्रोआरएनए असल्याचं दाखवलं. त्यांनी उंदराच्या पेशींच्या पुटिका माणसाच्या पेशींना दिल्या, तर माणसाच्या पेशींत उंदराची प्रथिनं तयार झाली. केराच्या टोपलीत कुणाची तरी हस्तलिखितं सापडावीत तसं झालं. त्यानंतर या विषयावर शोधनिबंधांचा जो पूर आला, तो अजून ओसरलेला नाही.

म्हणजे पेशी एकमेकींना मुद्दाम निरोप पाठवतात?

इथे बहुतेक लेखांत पोस्टमनची उपमा येते. मला ती पटत नाही. पोस्टमन पत्ता बघून जातो. पुटिकांचं वागणं निवडणुकीत जीपमधून उधळलेल्या हँडबिलांसारखं आहे: हजारो कागद उडतात, निम्मे गटारात जातात, काही गाईच्या तोंडात, आणि एखादंच कुणीतरी उचलून वाचतं. पेशीने गिळलेल्या बऱ्याच पुटिका आत गेल्यावर पचवूनच टाकल्या जातात, त्यातला ऐवज कामाला लागतच नाही.

तरीही हा सगळा गोंधळ नाही. पुटिकेत काय भरायचं याची काहीएक निवड होते. २०१३ मध्ये माद्रिदच्या गटाने दाखवलं की काही मायक्रोआरएनएंवर अक्षरांचा एक ठरावीक छोटा क्रम असतो, आणि एक विशिष्ट प्रथिन तो ओळखून त्यांना पुटिकेत सरकवतं. पुटिकेच्या अंगावरच्या प्रथिनांमुळे ती कुठल्या पेशीला जास्त चिकटेल हेही थोडंफार ठरतं. 'मुद्दाम' हा शब्द मी तरीही टाळेन. पेशी आजारी पडली, धूर लागला, प्राणवायू कमी पडला की आतला माल बदलतो आणि म्हणून बाहेर पडणारा मालही बदलतो, इतकं नक्की.

फुफ्फुसात याला एवढं महत्त्व का?

फुफ्फुसात वेगवेगळ्या जातींच्या पेशी अगदी दाटीवाटीने राहतात आणि मध्ये फार पातळ भिंत असते. वायुकोशाच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि त्या मधल्या जागेत आतलं अस्तर बनवणाऱ्या पापुद्र्याच्या पेशी, केशवाहिन्यांच्या पेशी, तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी, शिवाय वायुकोशात धूळ-जंतू गिळत फिरणाऱ्या मॅक्रोफेज पेशी. श्वासासोबत धूळ, धूर, जंतू रोज आत येतात. प्रत्येक कणावर दाह उसळला तर माणूस जगायचा नाही, म्हणून शेजाऱ्यांनी एकमेकांना 'शांत राहा' सांगणं तिथे फार गरजेचं असतं.

मिशिगन विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये नेमकं हेच दाखवलं. निरोगी फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज दाह आवरणारी प्रथिनं पुटिकांत घालून पापुद्र्याच्या पेशींना देतात, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसातल्या द्रवात ही प्रथिनं कमी भरतात. हे काम प्रथिनांचं आहे, मायक्रोआरएनएचं नाही. तरी मुद्दाम सांगतो, कारण पुटिकेत मायक्रोआरएनए सापडला की सगळं श्रेय त्यालाच द्यायची सवय या क्षेत्राला आहे. त्याच पिशवीत शेकडो प्रथिनं आणि चरबीचे रेणूही असतात.

दुसरं कारण सोयीचं. फुफ्फुसातला नमुना मिळवता येतो. ब्रॉन्कोस्कोपीच्या (श्वासनलिकेत दुर्बीण घालण्याच्या) वेळी थोडं सलाइन सोडून परत ओढून घेतात, थुंकी मिळते, लहान बाळांच्या श्वासनलिकेतला स्राव मिळतो. मेंदूच्या बाबतीत ही चैन नाही.

आजीने आयुष्यात विडी ओढली नाही, तरी सीओपीडी निघाला. इथे पुटिकांचा काय संबंध?

आधी पहिल्या भागाबद्दल. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार, हा फक्त बिडी-सिगारेटचा आजार आहे ही समजूत चुकीची आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखात अंदाज दिला होता की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. लाकूड, गोवऱ्या, काटक्या पेटवून चुलीसमोर काढलेली तीस-चाळीस वर्षं हे त्यातलं मोठं कारण. आपल्या आज्यांच्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

पुटिकांबद्दलचा सर्वांत नेटका प्रयोग मात्र सिगारेटच्या धुरावर झाला आहे. २०१५ मध्ये टोकियोच्या संशोधकांनी श्वासनलिकेच्या पेशींना सिगारेटच्या धुराचा अर्क दिला. त्या पेशींनी सोडलेल्या पुटिकांत मिर-२१० या मायक्रोआरएनएचं ('मिर' हे मायक्रोआरएनएचंच छोटं नाव) प्रमाण वाढलेलं निघालं. या पुटिका शेजारच्या फायब्रोब्लास्टमध्ये गेल्या, तिथे मिर-२१० ने एटीजी७ नावाच्या जनुकाला दाबलं, आणि पेशीची स्वतःची साफसफाई मंदावली. साफसफाई मंदावली की फायब्रोब्लास्टचं रूपांतर आकुंचन पावणाऱ्या, भराभर तंतू विणणाऱ्या मायोफायब्रोब्लास्टमध्ये होतं. त्यामुळे बारीक श्वासनलिकांच्या भिंती जाड होतात.

धूर ज्या पेशीला लागला ती वेगळी, व्रण धरणारी वेगळी, आणि मधला दुवा पुटिकेचा. ही साखळी इतकी सुबक आहे की मी विद्यार्थ्यांना कायम हेच उदाहरण देतो. फक्त हे घडलं ते प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींत. जिवंत माणसाच्या फुफ्फुसात या एका दुव्याचा वाटा किती, ते त्या प्रयोगातून ठरत नाही.

बाबांना आयपीएफ आहे. नेटवर 'मिर-२१' वाचलं, ते काय प्रकरण आहे?

आयपीएफ म्हणजे कारण न सापडणारा फुफ्फुसाचा फायब्रोसिस. फुफ्फुस हळूहळू घट्ट, चामड्यासारखं होत जातं. यात मायक्रोआरएनएंचा अभ्यास सर्वांत जास्त झाला आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मिर-२१ फायब्रोसिसमध्ये वाढतो. फुफ्फुसात तंतू विणायचा हुकूम टीजीएफ-बीटा हे प्रथिन देतं, आणि त्याला आवर घालायला एसएमएडी७ नावाचा ब्रेक असतो. मिर-२१ तो ब्रेकच सैल करतो. २०१० मध्ये उंदरांत दाखवलं गेलं की मिर-२१ ला अडवलं तर फायब्रोसिस कमी होतो. पुढे २०१६ मध्ये जपानी गटाला आयपीएफच्या रुग्णांच्या रक्तद्रवातल्या पुटिकांतही मिर-२१ वाढलेला मिळाला. याच्या उलट लेट-७ च्या घराण्यातला लेट-७डी आयपीएफच्या फुफ्फुसात कमी होतो.

२०२० मधलं एक काम मला याहून महत्त्वाचं वाटतं. आयपीएफ झालेल्या फुफ्फुसातल्या फायब्रोब्लास्टच्या पुटिका वायुमार्गाच्या पेशींना दिल्या, तर त्या पेशी अकाली म्हाताऱ्या झाल्या. पुटिकांतले मिर-२३बी आणि मिर-४९४ त्या पेशींतलं एसआयआरटी३ हे प्रथिन घटवतात, आणि पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया बिघडतात. सीओपीडीच्या प्रयोगात पापुद्र्याच्या पेशीकडून फायब्रोब्लास्टकडे वाईट माल जात होता, इथे फायब्रोब्लास्टकडून उलटा येतो. दोन्ही बाजूंनी एकमेकांना बिघडवणं चालू असेल, तर एकदा बसलेला फायब्रोसिस मूळ कारण गेल्यावरही का पसरत राहतो, याचं एक उत्तर मिळतं.

आणि आता ज्यावर अनेकजण घसरतात तो मुद्दा. बेल्जियममधल्या लिएजच्या गटाने २०१९ मध्ये आयपीएफच्या रुग्णांच्या थुंकीतल्या पुटिका तपासल्या. मिर-१४२-३पी आणि मिर-३३ए-५पी वाढलेले, लेट-७डी-५पी घटलेला. झालं, मिर-१४२ गुन्हेगार, असं कुणीही म्हणेल. पण त्याच गटाने पुढच्या वर्षी दाखवलं की मॅक्रोफेजच्या पुटिकांतून येणारा मिर-१४२-३पी तंतू विणणं कमी करतो. म्हणजे तो वाढला होता तो बहुधा आग विझवायला. आग लागलेल्या प्रत्येक घरापुढे बंब उभा असतो, म्हणून बंबाने आग लावली असं कुणी म्हणत नाही. मायक्रोआरएनएच्या यादीत मात्र ही चूक सर्रास होते.

बाबांपुरतं सांगायचं तर पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही वापरात असलेली औषधं आहेत. ती आजाराचा वेग कमी करतात, झालेलं नुकसान परत आणत नाहीत. मिर-२१ ची तपासणी करून त्यांच्या उपचारात आज काहीही बदलणार नाही.

कबुतरांमुळे होतो तो आजारही यातच येतो का?

तो हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून आत गेलेल्या कणांच्या ॲलर्जीने फुफ्फुसाला येणारी सूज, आणि आपल्याकडे त्याचं महत्त्व आयपीएफपेक्षा जास्त आहे. भारतातल्या २७ केंद्रांनी मिळून केलेल्या नोंदणीत, जी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, १०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्क्यांना हा आजार होता आणि आयपीएफ जेमतेम १३.७ टक्के. पक्ष्यांची विष्ठा आणि पिसं, ओलसर कूलर, बुरशी ही कारणं. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो वाद पेटला त्यामागे हाच वैद्यकीय मुद्दा होता.

पुटिकांवरचं बहुतांश फायब्रोसिसचं संशोधन जपान, युरोप, अमेरिकेत आयपीएफवर झालं आहे. आपल्या ओपीडीत दिसणारा आजार निराळा आहे. परदेशातल्या आयपीएफच्या रुग्णांवर बेतलेली मायक्रोआरएनएची यादी उचलून इथे लावता येणार नाही. इथल्या एखाद्या पीएचडीसाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही.

दम्यात काही उपयोग?

थोडाफार. २०१३ मध्ये स्टॉकहोमच्या गटाने सौम्य दमा असलेल्या आणि निरोगी लोकांच्या फुफ्फुसातल्या द्रवातले एक्सोझोम ताडून पाहिले. लेट-७ आणि मिर-२०० या घराण्यांसह २४ मायक्रोआरएनएंचं प्रमाण वेगळं निघालं. दम्याचे प्रकार अनेक आहेत आणि कुणाला कुठलं महागडं इंजेक्शन लागू पडेल हे आधी कळलं तर हवंच आहे. पण त्यासाठी आज इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी मोजणं हा साधा, स्वस्त मार्ग आहे, आणि मायक्रोआरएनएला आधी त्याच्यापेक्षा सरस ठरावं लागेल.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल काहीतरी वाचलं होतं...

हो, आणि ते काम वाचण्यासारखं आहे. फार लवकर जन्मलेल्या बाळांना व्हेंटिलेटर आणि प्राणवायूवर ठेवावं लागतं, त्यातून काहींना बीपीडी नावाचा फुफ्फुसाचा दीर्घ आजार होतो. कुणाला होईल हे पहिल्या दिवसांत सांगता येत नाही. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या गटाने २०१८ मध्ये बाळांच्या श्वासनलिकेतल्या स्रावातले एक्सोझोम तपासले. ज्यांना पुढे गंभीर बीपीडी झाला त्यांच्यात मिर-८७६-३पी सुरुवातीपासूनच कमी होता. तेवढ्यावर न थांबता त्यांनी उंदराच्या पिल्लांत हा मायक्रोआरएनए वरून दिला, तर फुफ्फुसाची हानी कमी झाली. खूण आणि कारण, दोन्हींचा तपास एकाच कामात केलेली उदाहरणं कमी आहेत.

त्याच वर्षी बॉस्टनहून दुसरं काम आलं. गर्भनाळेतल्या मूळपेशींच्या पुटिका उंदराच्या पिल्लांना दिल्या तर बीपीडीसारखी हानी कमी झाली, आणि हा परिणाम मुख्यतः मॅक्रोफेजचा स्वभाव बदलल्यामुळे होता. त्याच प्रयोगशाळेने २०१२ मध्ये फुफ्फुसाच्या रक्तदाबावरही, पुन्हा उंदरांतच, असाच परिणाम दाखवला होता.

फुफ्फुसाचा कॅन्सर रक्ताच्या थेंबातून ओळखता येईल का?

२००९ मध्ये एका छोट्या अभ्यासात दिसलं की फुफ्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) झालेल्यांच्या रक्तातल्या एक्सोझोममध्ये १२ मायक्रोआरएनएंचा जो नमुना होता तो गाठीतल्या नमुन्याशी जुळत होता. तेव्हापासून ही आशा आहे. दुसरी एक वेगळीच गोष्ट २०१२ मध्ये कळली: कॅन्सरपेशींच्या पुटिकांतले मिर-२१ आणि मिर-२९ए रोगप्रतिकारक पेशींच्या टीएलआर८ या ग्राहीला थेट चिकटून दाह भडकवतात. म्हणजे मायक्रोआरएनए इथे नेहमीचं जनुक दाबायचं काम न करता विषाणूच्या आरएनएसारखा वागला.

तपासणीच्या बाबतीत सर्वांत पुढे गेलेलं काम मिलानचं आहे. तिथे चार हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या किंवा सोडलेल्या लोकांना कमी मात्रेचा सीटी स्कॅन आणि रक्तातल्या २४ मायक्रोआरएनएंची तपासणी, असं दोन्ही करून पुढचा स्कॅन वर्षाने की तीन वर्षांनी ते ठरवलं. यात रक्तद्रवातले एकूण मायक्रोआरएनए मोजले, पुटिकांतले वेगळे काढून नव्हे. आणि स्कॅन वगळला नाही, फक्त त्याचं अंतर ठरवायला रक्त वापरलं.

टीबीचं काय? आपल्याकडे छातीचा आजार म्हटलं की आधी तोच.

खरं आहे, जगातले साधारण एक चतुर्थांश टीबीचे रुग्ण भारतात आहेत. टीबीत गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते, कारण जंतूही स्वतःच्या पुटिका सोडतो. २००७ मध्ये दिसलं की टीबीचे जंतू गिळलेल्या मॅक्रोफेजच्या एक्सोझोममध्ये जंतूचे अंश असतात आणि ते बाकीच्या पेशींना सावध करतात. तपासणी म्हणून मात्र सीबीनॅट थुंकीतल्या जंतूचा डीएनए आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद न देणं हे दोन्ही दोन तासांत सांगतं. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर पुटिकांचं वाचन बाजूला ठेवून थुंकी द्या.

रक्तातला मायक्रोआरएनए म्हणजे पुटिकांमधलाच ना?

नाही. आणि या एका प्रश्नावर अर्धे दावे कोसळतात.

आरएनए उघड्यावर टिकत नाही, रक्तातली विकरं त्याचा मिनिटांत फडशा पाडतात. तरी मायक्रोआरएनए रक्तात टिकतो, म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी धरून चाललं की तो पुटिकेत सुरक्षित असणार. २०११ मध्ये सिॲटलच्या संशोधकांनी रक्तद्रव वेगळा करून पाहिला, तर बहुतांश मायक्रोआरएनए पुटिकांबाहेर, आर्गोनॉट-२ या प्रथिनाला धरून फिरताना सापडले. काही एचडीएल या चरबी वाहणाऱ्या कणांसोबतही असतात. २०१४ मध्ये त्याच शहरातून याहून गैरसोयीचा हिशेब आला: एक्सोझोमची संख्या आणि एखाद्या मायक्रोआरएनएच्या प्रतींची संख्या मोजली, तर सरासरी शंभराहून जास्त एक्सोझोममागे एक प्रत निघाली.

म्हणजे माझी ती हँडबिलं आठवा, आणि त्यातली शंभरातली नव्व्याण्णव कोरी समजा. मग पेशीत पोचून परिणाम कसा होतो? कदाचित काही मोजक्या पुटिकांतच बऱ्याच प्रती दाटून भरलेल्या असतात. कदाचित लागून असलेल्या पेशींत पुटिका इतक्या प्रचंड संख्येने जातात की बेरीज भरते. कदाचित परिणाम सोबतच्या प्रथिनाचा असतो आणि नाव मायक्रोआरएनएचं होतं. बशीतल्या प्रयोगांत पेशींवर ओतलेल्या पुटिकांचा डोस शरीरात असतो त्यापेक्षा बराच जास्त असू शकतो, हेही आहे. वाचताना मी सर्वांत आधी डोस बघतो.

दोन शोधनिबंधांतल्या याद्या कधीच जुळत नाहीत. कुणीतरी खोटं बोलतंय का?

बहुतेक वेळा कुणीच नाही. पुटिका वेगळ्या करायची पद्धत बदलली की यादी बदलते. गुरुत्वाकर्षणाच्या एक लाख पट जोर लागेल इतक्या वेगाने तासभर फिरवून तळाला बसवायच्या, आकारानुसार स्तंभातून गाळायच्या, की बाजारातलं किट वापरून साका पाडायचा? किटने भरपूर माल मिळतो, पण त्यात आर्गोनॉट आणि चरबीचे कणही येतात. स्तंभातून माल स्वच्छ मिळतो, पण कमी. मग मोजायचं कशाच्या तुलनेत, यावरही एकमत नाही.

याखेरीज रक्त काढण्याची साधी गोष्ट. सुरुवातीच्या काळात आमच्या एका बॅचमध्ये आजारी गटात मिर-४५१ आणि मिर-४८६ भरपूर वाढलेले दिसले. आम्ही दोन दिवस हवेत होतो. मग कुणीतरी नळ्या खिडकीपाशी उजेडात धरल्या. आजारी गटाच्या निम्म्या नळ्यांतला रक्तद्रव गुलाबी होता. तांबड्या पेशी फुटल्या होत्या, आणि हे दोन्ही मायक्रोआरएनए तांबड्या पेशींत ठासून भरलेले असतात. अशक्त रुग्णांची शीर सापडत नाही, बारीक सुईने जोर लावून रक्त ओढलं जातं, पेशी फुटतात. आम्ही आजार मोजत नव्हतो, शीर सापडायची अडचण मोजत होतो. ती बॅच टाकून दिली.

एक्सोझोमचं इंजेक्शन घ्यावं का? एका क्लिनिकने फुफ्फुसासाठी सुचवलंय.

अभ्यासाबाहेर, पैसे भरून, नको.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. नेब्रास्कामध्ये अशी उत्पादनं घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता, आणि मान्यता मिळालेलं एकही एक्सोझोम उत्पादन नाही हे त्यात स्पष्ट म्हटलं होतं. केस, चेहरा, गुडघा, फुफ्फुस, सगळ्यांवर एकच कुपी चालते असं कुणी सांगितलं, तर कुपीत काय आहे हे त्यालाही माहीत नाही असं समजा.

संशोधन चालू आहे ते वेगळ्या तऱ्हेने. कोविडच्या काळात चीनमधल्या वुहानला मूळपेशींच्या पुटिका नेब्युलायझरमधून सात गंभीर रुग्णांना पाच दिवस दिल्या. सगळ्यांना ते सोसलं. सात जणांवरून गुण आला की नाही हे ठरत नाही, तसा दावाही करू नये. श्वासातून देण्याची कल्पना मला शिरेतून देण्यापेक्षा शहाणपणाची वाटते, कारण शिरेतून दिलेल्या पुटिकांचा मोठा हिस्सा यकृत आणि प्लीहा काही मिनिटांत ओढून घेतात.

मायक्रोआरएनएच औषध म्हणून द्यायचे दोन प्रयत्न मात्र जरूर माहीत असावेत. मिर-३४ए चरबीच्या कणांत भरून कॅन्सरच्या रुग्णांना दिला, ती चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण रोगप्रतिकारक यंत्रणा भडकून गंभीर दुष्परिणाम झाले आणि काही रुग्ण दगावले. दुसरा ऑस्ट्रेलियातला: ॲस्बेस्टॉसमुळे फुफ्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या मेसोथेलिओमात मिर-१६ सारखा रेणू जिवाणूंपासून केलेल्या सूक्ष्म पिशव्यांत भरून २६ रुग्णांना दिला. २०१७ मध्ये निकाल आले. एका रुग्णाची गाठ ठळकपणे आकसली, बऱ्याच जणांची काही काळ स्थिर राहिली. शेकडो निरोपांना एकदम चाप लावणाऱ्या रेणूचं हे दुधारीपण आहे.

संशोधनासाठी रक्त किंवा थुंकी द्या असं रुग्णालयात विचारलं. द्यावं का?

संमतीपत्र तुमच्या भाषेत असेल, नैतिकता समितीची मंजुरी त्यावर नोंदलेली असेल आणि पैसे मागत नसतील, तर द्या. नमुना किती वर्षं ठेवणार आणि दुसऱ्या कामाला वापरणार का, हे विचारायला संकोच नको. निकाल तुम्हाला कळवला जाईलच असं नाही, कारण एका माणसाच्या आकड्याला सध्या वैद्यकीय अर्थ नाही.

उपाशीपोटी या म्हणाले असतील तर खरोखर उपाशी जा, साखर तपासायची नसली तरी. जेवणानंतर, अगदी दुधाच्या चहानंतरही, रक्तात चरबीचे कण वाढतात. त्यातले बरेचसे पुटिकांच्याच आकाराचे असतात, आणि मोजणाऱ्या यंत्राला त्यांच्यातला फरक कळत नाही.